'राइट' की 'रैट': एका बेटावरच्या दोन स्वरांचं प्रकरण

हे प्रकरण इंग्रजीतल्या दोन स्वरांचं आहे, पण ते समजून घ्यायला मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा कमी कष्ट पडतात. 'राइट' म्हणा. आता तोच शब्द 'रैट' म्हणून बघा, 'पैसा'तल्या 'पै'सारखा. पहिल्या वेळी जबडा पुरता खाली जातो, सुरुवात 'आ'पासून होते. दुसऱ्या वेळी तोंड अर्धवटच उघडतं आणि 'अ'वरून थेट 'इ'कडे वळतं. तसंच 'हाउस' आणि 'हौस'. आपल्याकडे हे वेगवेगळे स्वर आहेत, लिहायलाही वेगळे. इंग्रजीत मात्र 'राइट' आणि 'रैट' हा एकच शब्द. कसाही म्हटला तरी अर्थ तोच, आणि आपण कोणता म्हटला हे म्हणणाऱ्याला बहुधा कळतही नाही.

शब्दाच्या अर्थामध्ये काडीचाही फरक न करणारा हा स्वर अटलांटिकमधल्या एका छोट्या बेटावर काही माणसांच्या तोंडी 'आ' सोडून 'अ'कडे सरकत होता. कोणाच्या तोंडी आणि का, याचा माग विल्यम लबोव्ह या संशोधकाने १९६१-६२ मध्ये काढला. समाजभाषाविज्ञानाच्या वर्गात हे प्रकरण पहिल्या आठवड्यातच येतं आणि बहुतेक वेळा दोन वाक्यांत उरकतं: बेटावरच्या मच्छीमारांना उन्हाळी पाहुणे आवडत नव्हते, म्हणून ते वेगळं बोलू लागले. ही दोन वाक्यं खोटी नाहीत. पण त्यांत तपास गळून पडतो, आणि या प्रकरणात तपासच जास्त बघण्यासारखा आहे.

बेट

मार्थाज व्हिनयर्ड हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं बेट, मुख्य भूमीपासून साधारण तीन मैलांवर. १९६० च्या जनगणनेत तिथली वस्ती ५,५६३. उन्हाळा आला की तिथे ४२,००० हून जास्त पाहुणे उतरत, म्हणजे राहणाऱ्या एका माणसामागे सात-आठ बाहेरचे. बेटाचे दोन भाग तिथले लोक स्वतःच पाडतात. पूर्वेकडचं ते 'डाउन-आयलंड': एडगरटाउन, ओक ब्लफ्स आणि व्हिनयर्ड हेवन ही तीन छोटी शहरं, जिथे कायमच्या रहिवाशांपैकी बहुतेक राहत. पश्चिमेकडचं 'अप-आयलंड': शेतं, खाऱ्या पाण्याची तळी, विखुरलेली गावं. त्यातलं चिलमार्क म्हणजे उरल्यासुरल्या मासेमारीचं ठिकाण. तिथल्या मेनेम्शा धक्क्यावरून होड्या सुटत. अगदी पश्चिम टोकाला गे हेड, वाम्पनोआग आदिवासींचं गाव.

माणसं तीन मुख्य गटांची. सतराव्या-अठराव्या शतकापासून राहणारी इंग्रज वंशाची घराणी. अझोर्स, मदेरा, केप व्हर्ड या बेटांवरून आलेल्या पोर्तुगीजांची मुलं-नातवंडं. आणि गे हेडचे वाम्पनोआग. एकेकाळी बेटाने व्हेल मारणाऱ्या जहाजांना खलाशी पुरवले होते, मेंढ्या आणि दूधदुभत्याची शेती होती. १९६० पर्यंत हे सगळं बसलं होतं. मॅसॅच्युसेट्समधला हा सर्वांत कमी उत्पन्नाचा जिल्हा, बेकारी ८.३ टक्के, तर राज्याची सरासरी ४.२. उन्हाळ्याचे तीन-चार महिने पाहुण्यांची घरं सांभाळायची, हॉटेलात राबायचं, आणि हिवाळ्यात वाट बघायची. वायव्य किनाऱ्यावरची जमीन जवळजवळ सगळी बाहेरच्यांनी विकत घेतलेली. ज्यांच्या खापरपणजोबाने ती जमीन राखली, ते आता तिथे परवानगीने फिरत.

शाईवाला

लबोव्ह तेव्हा तिशी ओलांडलेला माणूस होता. त्याआधीची दहा-बारा वर्षं त्याने छपाईची शाई बनवण्याच्या धंद्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काढली होती. मग कोलंबिया विद्यापीठात उरिएल वाइनराइख यांच्या हाताखाली भाषाविज्ञान शिकायला बसला. हा तपशील चरित्रापुरता नाही. प्रयोगशाळेतला माणूस अंदाजावर शाई मिसळत नाही, मोजतो. भाषाविज्ञानात तोवर उदाहरणं बहुधा अभ्यासकाच्या स्वतःच्या डोक्यातून किंवा एकदोन 'चांगल्या' भाषकांच्या तोंडून येत. याने टेपरेकॉर्डर उचलला आणि माणसं मोजायला निघाला.

त्या काळची एक ठाम समजूतही आडवी येत होती. ध्वनी बदलतात हे सगळ्यांना मान्य, पण बदल होताना दिसत नाही, असं लेनर्ड ब्लूमफील्डसारखे दिग्गज मांडून गेले होते. शंभर वर्षांपूर्वीचं आणि आजचं ताडून बघावं, बदल झाला एवढंच म्हणावं. अधल्यामधल्या काळात लोक जे उलटसुलट बोलतात ते किरकोळ हेलकावे, त्यांत अर्थ शोधू नये.

बेटाची निवड चतुर होती. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, बोलींचा नकाशा तयार करताना गाय लोमन यांनी १९३३ मध्ये इथल्या जुन्या घराण्यांतल्या चौघांची बोली टिपून ठेवली होती. म्हणजे जवळजवळ तीस वर्षांपूर्वीची एक खूण हाताशी होती. त्या नोंदीत 'राइट'चा स्वर थोडाफार 'रैट'कडे झुकलेला दिसतो, 'हाउस'चा मात्र जवळजवळ नाहीच. 'रैट'चं मूळ जुनं आहे. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत असाच उच्चार होता आणि वसाहतकारांबरोबर तो अमेरिकेत आला. मुख्य भूमीवर तो हळूहळू मागे पडला. बेटावरही तो मरणारच, असं १९३३ ची नोंद बघून कुणीही म्हटलं असतं.

उच्चार काढून घ्यायचा कसा

'तुम्ही राइट कसं म्हणता?' असं विचारलं की माणूस सावरून बसतो आणि शाळेतल्यासारखा बोलतो. पुढे लबोव्हने याला निरीक्षकाचा पेच म्हटलं: न बघता माणसं कशी बोलतात हे आपल्याला हवं असतं, आणि ते बघूनच मिळवावं लागतं. इथे त्याने प्रश्नच असे रचले की उत्तरात तो स्वर टाळता येऊ नये. राइट टू लाइफ म्हणतात त्यातल्या 'राइट'चा अर्थ काय? तो कुठे लिहून ठेवलेला असतो का? न आवडणाऱ्या कामात यश मिळवलेल्या माणसाला यशस्वी म्हणाल का? माणूस विचारात पडतो, वाद घालतो, आणि त्या भरात 'राइट', 'लाइफ', 'लाइक', 'राइट' असं ओघाने येत राहतं. शाळेतल्या मुलांना एक उतारा वाचायला दिला आणि सांगितलं की गोष्ट सहजपणे वाचता येते का ते बघायचंय. उतारा त्या स्वरांनी ठासून भरलेला होता.

ऑगस्ट १९६१, मग शरद ऋतू, मग जानेवारी १९६२. तीन खेपांत ६९ बेटकऱ्यांच्या मुलाखती झाल्या. शेवटची खेप भर हिवाळ्यातली, पाहुणे गेलेले आणि बेट बेटकऱ्यांकडे परत आलेलं असतानाची. मुलाखतींतून 'राइट'च्या स्वराचे सुमारे ३,५०० आणि 'हाउस'च्या स्वराचे १,५०० उच्चार हाती लागले. प्रत्येकाला ० ते ३ असा गुण दिला: स्वच्छ 'राइट' म्हणजे ०, पुरा 'रैट' म्हणजे ३. कानाने दिलेले गुण तपासायला काही उच्चारांचे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे ध्वनीचे यंत्राने काढलेले आलेखही काढले. मग सरासरी काढून तिला १०० ने गुणलं. म्हणजे निर्देशांक ३०० असेल तर तो माणूस दर वेळी 'रैट'च म्हणतो, ० असेल तर कधीच नाही. या युक्तीमुळे 'बेटावर काही लोक असं बोलतात' या वाक्याच्या जागी आकडा आला.

आकडे काय म्हणतात

आधी वय. 'राइट'च्या स्वराचा निर्देशांक पंचाहत्तरीपुढच्यांत २५, ६१ ते ७५ मध्ये ३५, ४६ ते ६० मध्ये ६२, ३१ ते ४५ मध्ये ८१, आणि १४ ते ३० मध्ये एकदम ३७. 'हाउस'चंही तेच: २२, ३७, ४४, ८८ आणि मग ४६.

माणसाचा उच्चार तरुणपणी बसतो आणि पुढे फारसा हलत नाही, असं धरलं तर १९६१ मधला ऐंशी वर्षांचा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा उच्चार सांगतो आणि चाळिशीतला माणूस दोन महायुद्धांच्या मधला. मग या आकड्यांत बदल चालू असताना दिसतो. यावर लगेच कुणी विचारेल: कशावरून? कदाचित माणसं चाळिशीत 'रैट' म्हणत असतील आणि म्हातारपणी सोडून देत असतील. इथे लोमन यांची १९३३ ची नोंद कामाला येते. तेव्हा 'हौस' जवळपास नव्हताच, १९६१-६२ मध्ये चाळिशीतल्यांत तो ८८ वर होता. म्हणजे हे वयाचं चक्र नाही. जो स्वर मरायला टेकला होता तो उलटा फिरला, आणि त्याने शेजारचा दुसरा स्वरही बरोबर ओढला.

भाषेच्या आतलं एक कारण लगेच सापडलं. पुढे त, स, प, फ यांच्या जातीचा अघोष, म्हणजे कंठ न थरथरता निघणारा ध्वनी असेल तर स्वर जास्त सरकतो. 'राइट', 'वाइफ', 'हाउस' यांत जास्त, 'राइड' मध्ये कमी. पण हा नियम सगळ्यांच्याच तोंडाला लागू आहे. अमुक माणूस तमुकापेक्षा चौपट का सरकतो, याचं उत्तर त्यात नाही.

मग जागा बघितली. अप-आयलंडमध्ये ६१ आणि ६६ (आधी 'राइट'चा निर्देशांक, मग 'हाउस'चा; पुढेही तसंच), डाउन-आयलंडमध्ये ३५ आणि ३३. चिलमार्क एकटं १०० आणि ८१. पुढे धंदा बघितला. मच्छीमार १०० आणि ७९, शेतकरी ३२ आणि २२, बाकीचे ४१ आणि ५७. इथे थोडं थांबावं. शेतकरीही खेड्यातलेच, जुन्या घराण्यांतलेच, बाहेरच्यांपासून तितकेच लांब. 'खेडवळ लोक जुनं धरून बसतात' हे आपलं नेहमीचं उत्तर या ३२ वर आपटून फुटतं. जुनं जपण्याचा प्रश्न असता तर शेतकरी आणि म्हातारे पुढे असायला हवे होते. पुढे होते ते तिशी-चाळिशीतले मच्छीमार.

वंशाप्रमाणे आकडे मांडले तेव्हा गुंता वाढला. सगळ्या वयांचं मिळून इंग्रज वंशाच्यांत ६७ आणि ६०, पोर्तुगीजांत ४२ आणि ५४, गे हेडच्या आदिवासींत ५६ आणि ९०. पोर्तुगीज आजी-आजोबांच्या पिढीत निर्देशांक अगदी खाली, तरुणांत चढता. घरात ज्यांनी हा स्वर कधी ऐकला नाही त्यांची मुलं तो उचलत होती. आणि 'हौस' म्हणण्यात वाम्पनोआग तर जुन्या इंग्रज घराण्यांनाही मागे टाकून गेले होते. हे बेट खरं कोणाचं, हा प्रश्न विचारायचा सर्वांत जुना हक्क त्यांचा. इतरांनी त्यांना बरोबरीचं मानण्यात मात्र पिढ्यान्‌पिढ्या हात आखडता घेतला होता. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस या गावाने 'गे हेड' हे नाव टाकून 'अक्विना' हे आपलं नाव घेतलं. ती मागणी उघड होती, मतदानाने झाली. स्वराची मागणी कुणी मांडली नव्हती आणि कुणाला ऐकूही आली नव्हती.

धागा सापडला तो

आतापर्यंतचं प्रत्येक उत्तर थोडंथोडं खरं होतं आणि एकही पुरेसं नव्हतं. लबोव्ह पुन्हा मुलाखतींकडे वळला. या खेपेला स्वर बाजूला ठेवून तो माणसं काय सांगत होती ते ऐकू लागला. बेटाविषयी यांना काय वाटतं? इथेच राहायचंय, की संधी मिळाली की सुटायचंय? त्या बोलण्यावरून त्याने लोकांचे तीन गट केले. बेटावर जीव असलेले ४० जण: ६३ आणि ६२. ना धड इकडचे ना तिकडचे असे १९: ३२ आणि ४२. बेटाचा कंटाळा आलेले ६: ९ आणि ८.

एकदा हे कळलं की मागचे सगळे आकडे ओळीत येऊन बसतात. तिशी-चाळिशीतले लोक बेटाची घसरण सुरू असताना वाढले. त्यांतले बरेच दुसऱ्या महायुद्धात किंवा कोरियाच्या युद्धात सैन्यात जाऊन आले, काही कॉलेजात शिकून आले. मुख्य भूमीवरचा पगार त्यांनी पाहिला होता आणि तरीही ते परतले होते. मच्छीमार हे त्यांच्यातले सर्वांत अडून बसलेले, पाहुण्यांच्या पैशाशिवाय जगून दाखवणारे. पोर्तुगीजांची नवी पिढी स्वतःला आधी बेटकरी म्हणू लागली होती. आणि म्हाताऱ्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं. ते बेटकरीच होते, त्यात कुणी शंका घेतली नव्हती.

१४ ते ३० या गटाचा आकडा घसरलेला का, तेही उलगडतं. त्यांचा निर्णय अजून झालेला नव्हता. शाळेतल्या पंधरा वर्षांच्या मुलांत हे अगदी उघडं दिसलं. डाउन-आयलंडची जी मुलं बेट सोडायचं म्हणत होती त्यांचे निर्देशांक शून्याला टेकलेले, आणि अप-आयलंडची जी राहायचं म्हणत होती त्यांचे शंभरच्या आसपास. एकाच शाळेतली, एकाच वयाची मुलं. सरासरी ३७ मध्ये हे दोन्ही कप्पे मिसळून गेले होते. सरासरीवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याने ही मुलं आठवावीत.

दोन शंका

माझ्या मते या प्रकरणाची सर्वांत मजबूत वाटणारी कडीच सर्वांत नाजूक आहे. कोण बेटावर खूश आणि कोण नाखूश, हे ठरवणारा माणूस आणि स्वरांना गुण देणारा माणूस एकच. त्याने दोन्ही कामं वेगवेगळी केली असली तरी कान आणि मत एकाच डोक्यात राहतात. शिवाय ज्या गटाचा आकडा सगळ्यात बोलका, त्यात माणसं सहाच. आणि चिलमार्कचा, मच्छीमार आणि बेटावर जीव असलेला हे बऱ्याचदा एकाच माणसाचं वर्णन. या तिन्हींतलं नेमकं कोणतं कारण स्वराला ढकलतं, हे एवढ्याशा वस्तीत सुटं करता येत नाही. याने निष्कर्ष कोसळतो असं मला वाटत नाही. पोर्तुगीज तरुण आणि शाळेतली मुलं दोन्हीकडून त्याला टेकू देतात. पण पाठ्यपुस्तकं ज्या छातीठोकपणे तो सांगतात, तेवढा ठाम तो नव्हता.

दुसरी शंका, हा बदल पुढे टिकला का ही, काळाने तपासली. चाळीस वर्षांनी दोन वेगवेगळे गट पुन्हा बेटावर गेले. रेने ब्लेक आणि मेरेडिथ जोझी यांचा अभ्यास २००३ मध्ये आला. चिलमार्कमध्ये तो स्वर ओसरतोय आणि मच्छीमारांना वेगळं काढण्याचं त्याचं काम संपलंय, असं त्यांना दिसलं. बेटाची आर्थिक घडी बदलली होती, पाहुणे आणि बेटकरी यांच्यातली कटुता पूर्वीसारखी उरली नव्हती. जेनिफर पोप, मिरियम मायरहॉफ आणि रॉबर्ट लॅड यांनी २००७ मध्ये जवळजवळ उलट सांगितलं: लबोव्हचीच पद्धत वापरली तर स्वर टिकून आहे, बेटाविषयीच्या ओढीशी त्याचं नातंही टिकून आहे, आणि १९६१ च्या वयोगटांवरून बांधलेला बदलाचा अंदाज मोठ्या प्रमाणात खरा ठरला आहे.

एकच बेट, साधारण एकच काळ, आणि दोन उत्तरं. एका अभ्यासाचा रोख एका गावावर आणि ध्वनीच्या यांत्रिक मोजणीवर होता, दुसऱ्याचा सगळ्या बेटावर आणि कानाने दिलेल्या गुणांवर. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण जुन्या मोजमापाशी तुलना करायची तर फूटपट्टीही जुनीच हवी. पण चिलमार्कबद्दल ब्लेक आणि जोझी जे म्हणतात ते बाजूला सारता येत नाही. एखाद्या स्वरावर पडलेला सामाजिक भार उतरूही शकतो. ज्या भांडणासाठी तो उचलला ते मिटलं, की स्वर पुन्हा नुसता स्वर होतो.

धक्क्यावरचा मुलगा

लबोव्हचा एक मुद्दा राहिला. बेटकऱ्यांना हा स्वर जाणवतच नाही, म्हणून तो मुद्दाम कमीजास्त करणं त्यांच्या हातात नाही, असं त्याने लिहिलं. हा स्वर त्याने निवडला तोही त्यामुळेच. न्यू इंग्लंडच्या त्या कोपऱ्यात मुख्य भूमीवर शब्दातला 'र' गळतो आणि बेटावर टिकतो. तो फरक कानावर येणारा, थट्टेचा होऊ शकणारा. 'रैट' तसा नाही.

पण त्याच्याच मुलाखतींत चिलमार्कची एक आई आहे. तिचा मुलगा कॉलेजात जाऊन आला, मुख्य भूमीवर राहून बघितलं, आणि परतून होडीवर गेला. वय तिशीच्या आसपास, स्वर चांगलाच सरकलेला. आई सांगते की तो पहिल्यापासून असं बोलत नव्हता, कॉलेजातून आल्यावरच बोलायला लागला. धक्क्यावरच्या माणसांसारखं व्हावंसं वाटलं असेल त्याला, असं तिला वाटतं.

नेमकं काय बदललं ते तिने सांगितलेलं नाही. स्वर, मात्रा, निर्देशांक यांतलं काहीच तिच्या बोलण्यात येत नाही. बदल झाला, कधी झाला आणि कशासाठी झाला, एवढंच ती सांगते.